पुढचं चाक माहेरचं

डॉक्टरबाई जनावरांच्या डॉक्टर होत्या, आणि त्यांची मोटरसायकल आसपासच्या सगळ्या गोठ्यांना आवाजावरून ओळखू यायची. लांबून फटफट ऐकू आली की गोठ्यातलं कुणीतरी पाणी तापत ठेवायचं, आणि ज्या गायींना मागच्या खेपेचं इंजेक्शन आठवत असे त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. बाईंचं वय बेचाळीस, अंगकाठी शिडशिडीत, पण पायाळू वासरू अडलं तर खांद्यापर्यंत हात घालून ते फिरवायची ताकद दंडात होती. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर सहज व्हायचे. निम्मे रस्त्यावरून, निम्मे लोक नाइलाजानं ज्याला रस्ता म्हणतात त्यावरून.

एवढ्या फिरण्यानं टायर झिजणारच. पण टायरची काळजी बाईंनी जन्मात कधी केली नव्हती, कारण त्यांच्या थोरल्या भावाचं दुकानच टायरचं होतं. मोठ्या रस्त्याच्या वळणावर, गेली एकवीस वर्षं. पाटीवर टायरवर चारही पाय ठेवून उभा असलेला हत्ती. हत्तीछापशिवाय दुसरा टायर दादा दुकानाच्या पायरीला शिवू द्यायचा नाही. बहिणीची गाडी आली की तो आधी चाकांकडे बघायचा आणि मग बहिणीकडे. ‘चिमे, पुढं हवा कमी आहे,’ हेच त्याचं ‘बरी आहेस ना’ होतं.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना बाईंच्या धाकट्या दिरानं टायरचं दुकान काढलं.

यात कुणाचा काही वाईट हेतू नव्हता. भाऊजींनी बारा वर्षं दुसऱ्याच्या गोदामात मालाची चढउतार केली होती. त्यांना हरणछाप टायरची एजन्सी मिळाली, आणि नेमका रिकामा गाळा मिळाला तो दादाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे. आता हत्ती आणि हरीण दिवसभर एकमेकांकडे टक लावून बघू लागले. दादा भाऊजींना आजवर नावानं हाक मारायचा. दुकान उघडायचं ठरल्या दिवसापासून तो त्यांना ‘पाहुणे’ म्हणू लागला.

त्याच आठवड्यात बाईंच्या गाडीचा मागचा टायर पार गोटा झाला होता. पुढच्यावर नक्षी बऱ्यापैकी शिल्लक होती, पण मागच्यावर बोट फिरवलं तर हाताला काही लागायचं नाही. ‘रविवारी आण, बदलून टाकू,’ असं दादानं सांगून ठेवलं होतं. आणि शनिवारी भाऊजींचं दुकान उघडलं.

बाई गेल्या त्या फक्त चार चांगले शब्द बोलायला. दुकानात नव्या रबराचा वास कोंडला होता, टायर भिंतीला ओळीनं लटकत होते, आणि भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून एकटेच उभे होते. गिऱ्हाईक म्हणून एक मांजर येऊन गेलं होतं.

“वहिनी,” भाऊजींचा चेहरा उजळला, आणि लगेच त्यांची नजर मागच्या चाकावर गेली. “अहो, हा टायर आहे की तळहात?”

“झालाय खरा जुना.”

“मग माझा पहिला टायर तुमच्याच गाडीला. नाही म्हणू नका. पहिलं गिऱ्हाईक घरचं असलं की हाताला गुण येतो.”

बाईंना नाही म्हणता आलं असतं. उधळलेल्या बैलाला त्या नाही म्हणत असत. पण इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून उभ्या असलेल्या दिराला नाही म्हणायचं बळ त्यांच्यात नव्हतं. ‘एका टायरनं काय होतंय’ असं मनाशी म्हणत त्यांनी गाडी डबल स्टँडला लावली. भाऊजींनी अर्ध्या तासात चाक काढून, टायर चढवून, बाण फिरण्याच्या दिशेला आहे हे तीनतीनदा तपासून चाक बसवून दिलं. काम चोख होतं. बाई निघाल्या तेव्हा समोरच्या दारात दादा हातात पान्हा घेऊन उभा होता. त्यानं नुसता हात हलवला. तो ओरडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

रविवारी दादाचं तोंड उघडलं.

“एका गाडीला दोन कंपन्या? चिमे, तू शिकलेली आहेस ना? एक पाय बुटात आणि एक चपलेत घालून पळून दाखव मला.”

“माप तेच आहे रे.”

“माप! माप तर त्या पिंपाच्या झाकणाचंही तेच असेल, ते बसवशील? अगं, प्रत्येकाचं रबर वेगळं, नक्षी वेगळी, वळणावर कलायची रीत वेगळी. पुढचा म्हणणार वळ, मागचा म्हणणार थांबा, विचार करू. आणि मधल्यामध्ये तू.”

हे भाऊजींच्या कानावर गेलंच. रस्ता काही फार रुंद नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना गाठलं. “वहिनी, दादांचं एका अर्थी बरोबर आहे. जोडी एका कंपनीचीच हवी. म्हणून म्हणतो, पुढचाही बदला. म्हाताऱ्याला पुढं घालून मागून तरणा पळाला तर म्हाताऱ्याची दमछाक होणारच.”

म्हणजे दोघांचं म्हणणं एकच होतं, फक्त टोकं वेगळी होती. पुढचं चाक माहेरचं, मागचं सासरचं, आणि बाई सीटवर.

घरी नवऱ्याकडून काही मदत मिळेल अशी आशा नव्हती. बाईंचे यजमान सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते, आणि ‘कृपया शांतता राखा’ ही पाटी ते घरी येतानाही बरोबर आणत असावेत. एका बाजूला बायकोचा भाऊ, दुसऱ्या बाजूला पाठचा भाऊ. विषय निघाला की ते चष्मा पुसायला घेत. तो पुसून होईपर्यंत विषय संपलेला असे.

पण तो माणूस आतून फार प्रेमळ. त्याच गुरुवारी बाईंचा वाढदिवस होता, आणि ग्रंथपालांनी दोन महिने खपून एक भेट तयार करवून घेतली होती. औषधांची पत्र्याची पेटी. स्वतः कागदावर आखून, वेल्डिंगवाल्याच्या दुकानात रोज संध्याकाळी उभं राहून. आत अठरा कप्पे, प्रत्येकाला क्रमांक, झाकणाच्या आतून सूची. जंताची औषधं एका रांगेत, सलाईन उभं, सुया डाव्या हाताला. बाईंना औषध शोधताना पिशवी उपसावी लागायची, ते आता बंद. पेटी सीटवर टेकली तर पाठीला टोचेल म्हणून ग्रंथपालांनी कॅरिअरला लोखंडी पट्ट्या जोडून ती चांगली मागं, दिव्याच्याही पलीकडे बसवून घेतली होती.

“अहो, हे तुम्ही केलंत?” बाईंनी झाकण उघडून बंद केलं, पुन्हा उघडलं. अठरा कप्प्यांतून हात फिरवताना त्यांना भरून आलं. ग्रंथपालांनी चष्मा पुसायला घेतला.

शनिवारी सकाळी लाकडाच्या वखारीपुढच्या उतारावर गाडी डुलली.

तो रस्ता सरळ आणि गुळगुळीत, बाईंचा आवडता. काटा पासष्टवर गेला आणि हँडल हातात थरथरू लागलं. मग कुणी शेपूट धरून हलवावं तशी गाडी मागून डावी-उजवी करू लागली. बाईंनी ब्रेक दाबला नाही, हेच नशीब. पकड सैल ठेवून त्यांनी गाडीला आपोआप हळू होऊ दिलं. चाळिसावर येईपर्यंत ती शांत झाली. रस्त्याच्या कडेला उतरल्यावर बाईंनी स्वतःची नाडी पाहिली. एकशे तीस. गायीला इतकी असती तर त्यांनी तिला आडवं केलं असतं.

बातमी लपली नाही. वखारीतल्या माणसांनीच ती दुकानांच्या वळणावर पोचवली.

“सांगितलं होतं,” दादा म्हणाला. “मागून डुलली ना? मागं कोण बसलंय? हरीण! ते उड्या मारणारच.”

“हँडल थरथरलं ना?” भाऊजी म्हणाले. “हँडलखाली काय आहे? हत्ती. म्हातारा, दमेकरी हत्ती.”

आजारी जनावराबाबत बाईंचा एक जुना अनुभव होता. जनावर बोलत नाही, म्हणून त्याच्याबरोबर आलेली माणसं बोलतात, आणि तीच नेमकी चुकीचं बोलतात. तेव्हा माणसांना गोठ्याबाहेर काढायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यांनी एका वहीत मोटरसायकलचा केसपेपर उघडला. रोगी, वय सात वर्षं. लक्षणं, पासष्टच्या पुढं कंप. खाणंपिणं नेहमीप्रमाणे.

मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, “गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक कुठं असेल हो?”

ज्या घरात कात्री सापडत नाही त्या घरात ग्रंथपालांनी ते पुस्तक दोन मिनिटांत काढून दिलं. वाहने, दुचाकी, खालून तिसरा कप्पा. आधी त्यांनी ते स्वतः चाळलं, एका पानावर जरा थबकले, मग टायरचं पान उघडून पुढं केलं. ‘दोन्ही चाकांना नेमून दिलेल्या मापाचे व एकाच प्रकारच्या बांधणीचे टायर वापरावेत. शक्यतो एकाच कंपनीची जोडी वापरावी.’

या ‘शक्यतो’वर समोरासमोरची दोन्ही दुकानं आठवडाभर चालली. दादाच्या मते ‘शक्यतो’ म्हणजे केलंच पाहिजे, फक्त सभ्य भाषेत. भाऊजींच्या मते ‘शक्यतो’ म्हणजे केलं तर बरं, आणि करायचंच तर हरणछाप. टायरची बांधणी मात्र दोन्हीकडे एकाच प्रकारची होती, हे बाईंनी बाजूला छापलेल्या अक्षरांवरून स्वतः पडताळून पाहिलं आणि वहीत लिहिलं.

आता हवा. सकाळी गाडी थंड असताना त्यांनी पुढं अठ्ठावीस आणि मागं बत्तीस भरली, आणि दिवसाचं काम उरकून आल्यावर पुन्हा मोजली. पुढं छत्तीस. मागं बावीस.

बाई मीटरकडे बघतच राहिल्या. हवा कमी होणं हा आजार आहे, हवा वाढणं हा चमत्कार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच भरलं. दुपारी पाहतात तर पुढं एकवीस, मागं चाळीस. रोग होता तिथून नुसता उठून दुसऱ्या पायात गेला होता. ‘अशी लक्षणं पाहण्यात नाहीत,’ असं त्यांनी वहीत प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

तिसरीच गोष्ट म्हणजे पेटीतली औषधं कमी होत होती. कॅल्शियमच्या सहा बाटल्या भरल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं, आणि गोठ्यात पेटी उघडली तर चारच. दुसऱ्या दिवशी तीन. सलाईन निम्मं. बाईंना वाटलं, आता आपलंच वय झालं.

दूध गोळा करायच्या केंद्रावर बाई अकरा ते एक बसत. लोक शेळ्या-मेंढ्या घेऊन तिथंच येत. गाडी बाहेर भिंतीशी उभी असे. त्या दिवशी त्यांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि एका बोकडाचा खूर मांडीवर घेऊन, एक डोळा खुरावर आणि एक बाहेर ठेवून बसल्या.

साडेअकराला डावीकडून दादा आला. इकडंतिकडं पाहिलं, पिशवीतून पायपंप काढला. मागच्या चाकाशी उकिडवा बसला. फुस्स. मग पुढच्या चाकापाशी जाऊन पंप मारू लागला. धाप लागेपर्यंत मारला.

बाई उठणार तोच उजवीकडून भाऊजी आले. दोघांच्या मध्ये गाडी आणि ती भली मोठी पेटी. भाऊजींना दादा दिसला नाही, ते थेट मागच्या चाकाशी बसले. तिथं हवा कमी बघून त्यांनी कपाळावर हात मारला आणि आपला पंप लावला. थोडा वेळ दोन्ही पंप एका तालात चालले. मग भाऊजी पुढच्या चाकाची हवा सोडायला म्हणून बसल्या बसल्या सरकत पुढं आले आणि त्यांचं डोकं दादाच्या डोक्यावर आपटलं.

“पाहुणे!”

“दादा?”

बाई बोकडासकट बाहेर आल्या.

“काय चाललंय?”

“मी हवा बघत होतो,” दादा म्हणाला.

“मीसुद्धा,” भाऊजी म्हणाले.

“बघत होता? रोज?”

दादानं मान खाली घातली. “त्यांचा टायर ताठ आहे गं. थोडा मऊ केला तर नीट धरून चालेल असं वाटलं. तुझ्या काळजीनंच ना.”

“आणि मी रोज बघतोय, मागं हवाच नाही,” भाऊजी चिडून म्हणाले. “मला वाटलं, माझा टायर पंक्चर निघाला. पहिलाच टायर! तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. शेवटी मी पुढची सोडून बघितली, म्हणजे तोल तरी साधेल.”

“तुमचा तोल साधता साधता मी रस्त्यावर आडवी झाले असते,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बोकडानं ओरडायचं बंद केलं. “आजपासून कुणी माझ्या गाडीला हात लावायचा नाही. आणा ते इकडं.”

दोघांनी आपापले हवेचे मीटर त्यांच्या हातावर ठेवले. शाळेत मास्तरांनी पकडल्यावर मुलं गोट्या ठेवतात तसे.

पुढचे दोन दिवस हवा अठ्ठावीस-बत्तीसवरून हलली नाही. बाई मोठ्या आशेनं वखारीच्या उतारावर गेल्या. गाडी डुललीच. पहिल्याइतकी नाही, पण सत्तरच्या आसपास शेपटी हललीच. वळणावर ही बातमी पोचली तेव्हा दोन्ही दुकानांतून एकाच वेळी ‘बघा!’ असं ऐकू आलं.

शेवटी रविवार उजाडला. ग्रंथपालांनी पेटी काढून व्हरांड्यात आणली होती. कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या औषधं सांडून पुसट झाल्या होत्या, त्या नव्यानं लिहायच्या होत्या. तेवढ्यात जवळच्याच एका घरून निरोप आला की शेळी चारा खात नाही. बाईंनी थर्मामीटर आणि दोन बाटल्या खांद्याच्या पिशवीत टाकल्या आणि निघाल्या. शेळीनं कुणाचा तरी मोजा खाल्ला होता. घरचे दुसरा मोजा दाखवत होते. त्यावरून माप घेऊन बाईंनी औषध दिलं आणि येताना सवयीनं वखारीच्या रस्त्याला लागल्या.

साठ. पासष्ट. सत्तर. गाडी लोण्यावरून सुरी जावी तशी चालली होती.

बाईंनी गाडी वळवली आणि परत उतारावर आणली. पंचाहत्तर. काही नाही. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा वखारीतली माणसं काम टाकून रस्त्याच्या कडेला रांगेत उभी होती. बाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. टायर तेच, हवा तीच, रस्ता तोच. मग बदललं काय? उत्तर पाठीमागं होतं, म्हणजे पाठीमागं नव्हतं.

घरी येईपर्यंत त्यांचा आनंद मावळला. निदान झालं होतं, पण ते सांगायचं कसं? वीस वर्षं सोबत असलेल्या कुत्र्याबद्दल त्याच्या मालकाला सांगताना त्या जो आवाज काढत, तो आवाज काढून बघितला. स्वतःलाच पटला नाही.

ग्रंथपाल व्हरांड्यात मांडी घालून बसले होते. भोवती चिठ्ठ्यांची पखरण.

“अहो,” बाई म्हणाल्या.

ग्रंथपालांनी वर न बघता विचारलं, “पेटी ना?”

बाई चपापल्या. “तुम्हाला कसं कळलं?”

“पान एक्केचाळीस,” ग्रंथपाल म्हणाले. “‘मागच्या आसाच्या मागे जड सामान लादू नये. पुढचे चाक हलके होऊन गाडी डुलू शकते.’ त्या दिवशी पुस्तक काढून दिलं ना, तेव्हाच वाचलं.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“तुला पेटी फार आवडली होती.” ते चष्मा काढून पुसू लागले. “म्हटलं, वजन कमी करून बघू. रोज सकाळी तू आवरत असताना मी दोन-दोन बाटल्या काढत होतो.”

तेव्हा कुठं बाईंना कॅल्शियमचा पत्ता लागला. आता मात्र त्या खरोखर तापल्या.

“दादा पुढून हवा भरतोय, भाऊजी मागून भरतायत, तुम्ही औषधं काढताय! रोगी एक आणि वैद्य तीन, आणि जी खरी डॉक्टर तिला कुणी काही विचारायचं नाही! पडले असते तर तुमच्या अठरा कप्प्यांसकट पडले असते मी!”

“रोज ‘हळू जा’ म्हणत होतो,” ग्रंथपाल अगदी बारीक आवाजात म्हणाले. ते खरं होतं. बाईंना ते प्रेमानं म्हटलेलं वाटलं होतं.

“ठेवा तो चष्मा खाली,” बाई म्हणाल्या.

त्यांनी ठेवला. उघड्या डोळ्यांचा तो चेहरा इतका ओशाळलेला होता की बाईंचा पारा हळूहळू उतरला. वासरं तोलायचा काटा आणून त्यांनी पेटी सगळ्या औषधांसकट टांगली. तेवीस किलो.

“तुझ्या भावाला आणि माझ्या भावाला सांगायला हवं,” ग्रंथपाल म्हणाले.

“तुम्ही सांगा.”

“मी?”

“शांतता राखून सांगा.”

ग्रंथपाल पायी गेले. मोठ्या रस्त्याच्या मधोमध, दोन्ही दुकानांना ऐकू जाईल असे उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत मोठ्यानं बोलले. “टायर दोन्ही चांगले आहेत. चूक माझी आहे. पेटी जड झाली.”

दोघंही आपापल्या दारात आले. मग दादा रस्ता ओलांडून पलीकडे गेला. भाऊजींचं दुकान उघडल्यापासून तो त्या पायरीवर चढला नव्हता.

“पाहुणे, ऐकलंत? जावईबापूंनी गाडीवर कपाट बसवलं.”

“अण्णा लहानपणापासून असाच आहे,” भाऊजी म्हणाले. “एकदा दप्तर इतकं भरलं की मागच्या मागं पडला. कासवासारखा.”

“आणि आपण इकडं हवा मारून मारून पोटऱ्या सुजवल्या!”

दोघं हसायला लागले. भावाला आणि मेहुण्याला मिळून हसण्यात जी मजा असते ती भांडणात नसते, हे दोघांनाही एकदमच उमगलं असावं. ग्रंथपाल मध्ये उभे राहून ते हसू निमूटपणे अंगावर घेत होते. आपण हास्यास्पद ठरल्यानं दोन घरांत पूल बांधला जातोय, तर ठरू, असा त्यांचा भाव होता.

दुपारी दोन्ही दुकानं बंद करून हत्ती आणि हरीण बाईंच्या अंगणात हजर झाले. बरोबर वेल्डिंगवाल्यानं दिलेल्या पट्ट्या. एका पेटीच्या दोन करायच्या, प्रत्येकी नऊ कप्पे, आणि त्या सीटच्या दोन्ही अंगांना, खाली, आसाच्या पुढं टांगायच्या, असं ठरलं. डावी दादाकडे, उजवी भाऊजींकडे. काम सुरू झालं आणि भांडणही, पण आता त्या भांडणात मीठमसाला तेवढा होता, विष नव्हतं.

“पाहुणे, तुमची बाजू बोटभर खाली आलीय.”

“तुमची वर गेलीय. मी जमिनीवरून मोजलंय.”

“जमीन वाकडी आहे.”

ग्रंथपाल औषधांची वाटणी करत होते. एक इकडं, एक तिकडं. काट्यावर दोन्ही पेट्या आठ-आठ किलोंवर आणल्या, बाकीचं घरीच ठेवायचं ठरवलं, आणि सूची नव्यानं लिहिली. बाई पायरीवर बसून बघत होत्या. तिघांपैकी कुणालाही एक शब्द बोलायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं आणि त्यांना ते फार जड जात होतं.

“आता वखारीपर्यंत जाऊन ये,” शेवटचा नट आवळून दादा म्हणाला. “आणि चिमे, नीट लक्ष दे. हँडल सांगेल तुला, पुढचा टायर काय म्हणतोय ते.”

“आणि सीट सांगेल मागचा काय म्हणतोय ते,” भाऊजी म्हणाले.

बाईंनी गाडी सुरू केली तोच फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच म्हणाल्या, “पाय दिसतायत? मागचे? कुणी ओढू नका, आले मी,” आणि गेल्या.

तिघं फाटकाशी उभे राहिले. दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. ग्रंथपालांनी चहा केला. दादा दर पाच मिनिटांनी रस्त्यावर जाऊन येत होता. भाऊजी म्हणाले, “आवाज तरी येतोय का बघा.” तासानं दुसरा चहा झाला. दोन तास होत आले तेव्हा तिसरा झाला आणि तो कुणीच प्यायलं नाही.

“मी नटाखाली वायसर घातला होता ना?” दादानं विचारलं.

“घातला होता. मी बघितला,” भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यांदाच दादाच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात फटफट ऐकू आली. बाई फाटकातून आत आल्या. दंडापर्यंत माखलेल्या, केस विस्कटलेले, चेहरा उजळलेला.

“डुलली का?” दोघांनी एकदम विचारलं.

“कोण? छे, उभ्या उभ्या व्याली बिचारी. फार सोसलं तिनं.”

“गाय नाही गं, गाडी!”

बाई थांबल्या. त्यांनी आठवून बघितलं. गोठा वखारीच्या पलीकडे होता, म्हणजे तो उतार लागलाच असणार, जाताना आणि येतानाही. जाताना डोक्यात वासराचे उलटे पाय होते. येताना दुसरंच काही होतं. काटा कितीवर होता कुणास ठाऊक.

“आठवत नाही,” त्या म्हणाल्या.

“आठवत नाही म्हणजे?”

“म्हणजे खाली गाडी आहे हेच विसरले होते.”

दादानं पुढच्या चाकाकडे पाहिलं. भाऊजींनी मागच्या. दोघांच्याही चेहऱ्यावर, यात आपल्याच टायरचा हात आहे, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

“वासरू कसं आहे?” ग्रंथपालांनी विचारलं.

“उभं राहिलं. पाय लटपटतायत अजून, पण राहिलं.” बाईंनी हेल्मेट सीटवर ठेवलं आणि हात धुवायला आत गेल्या. ग्रंथपाल चौथा चहा टाकायला त्यांच्या मागोमाग गेले.